सरावाचा गडी

माझा भाऊ बॉक्सर होता असं सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर लगेच कौतुक येतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: किती लढती जिंकला? मी सांगते, एकही नाही. मग त्या कौतुकाचं काय करावं हे त्यांना कळत नाही, आणि ते हवापाण्याचं बोलायला लागतात. मला त्यांचा राग येतो. भावाचाही येतो, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो, पण ते पुढे येईलच.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वडील त्याआधीच घरातून निघून गेले होते, आणि कुणी त्यांना शोधायला गेलं नाही. लोक म्हणतात, तू त्याची आई झालीस. मी मुळीच झाले नाही. मी त्याची मोठी बहीण राहिले, आणि ते जास्त अवघड, कारण आईला निदान मान मिळतो. मोठ्या बहिणीला फक्त उलट उत्तरं मिळतात.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. धुतलेल्या ओल्या चादरी तापलेल्या रुळातून जातात, दुसऱ्या टोकाला दोघी बायका त्या पकडतात आणि घडी घालतात. वीस वर्षं मी तेच केलंय. बोटांच्या सांध्यांवरची कातडी भाजून भाजून काळी पडली आहे. भाऊ माझा हात स्वतःच्या हाताशेजारी ठेवायचा आणि म्हणायचा, "ताई, आपल्या दोघांत बॉक्सर कोण, हे अनोळखी माणसाला विचारून बघूया."

सतराव्या वर्षी तो सोड्याच्या कारखान्यात क्रेट उचलायला लागला. तिथं त्याचं खरं काम म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हसवणं. मुकादम कसा चालतो, मालक नाक कसं खाजवतो, कारकून सही करताना जीभ कशी बाहेर काढतो, सगळं हुबेहूब. कारखान्यामागच्या गोदामात एक मास्तर मुलांना बॉक्सिंग शिकवायचे. ते बर्फ मागायला आले असताना यानं त्यांचीच नक्कल केली, त्यांच्या तोंडावर. वाकडी मान, पुढे काढलेला डावा खांदा, पायांची चवड्यांवरची हालचाल. सगळे पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा करायला लावलं आणि त्याच्या पायांकडे बघत राहिले. "हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. हा म्हणाला, "आत्ताच तुम्ही."

एकविसाव्या वर्षी त्याला व्यावसायिक बॉक्सरचा परवाना मिळाला. एक छोटं निळं पुस्तक होतं ते, फोटोसकट. त्यात तीन रकाने: जिंकल्या, हरल्या, बरोबरी. दोन वर्षांत तो चार लढती लढला. तीन हरला, एक बरोबरीत सुटली. त्याच्यात ताकद होती, दम होता, मार खायची तयारी तर नको तितकी होती. पण लढता लढता तो समोरच्यासारखा व्हायला लागायचा. समोरचा वाकून लढणारा असला की हाही वाकायचा, समोरचा नाचरा असला की हाही नाचायचा. दुसऱ्या फेरीपर्यंत रिंगमध्ये दोघं एकसारखे दिसायचे, आणि त्यातला अस्सल जो असेल तो जिंकायचा.

चौथ्या लढतीनंतर मास्तर आमच्या घरी आले. खुर्ची एकच होती, ती मी त्यांना दिली. ते त्याला म्हणाले, "तुझं स्वतःचं असं काही नाही रे. पण दुसऱ्याचं सगळं येतं तुला. माझ्याकडे एक पोरगा आहे, तो पुढे जाणार. त्याच्या सरावाला तू ये."

अशी त्याची नोकरी लागली. तो पोरगा पुढे खरंच चॅम्पियन झाला आणि माझा भाऊ अकरा वर्षं त्याचा सरावाचा गडी राहिला.

हे काम काय असतं ते सांगते. चॅम्पियनची लढत ठरली की त्याच्या विरोधकाच्या जुन्या लढतींचं चित्रण यायचं. भाऊ ते आमच्या स्वयंपाकघरात बसून दिवसचे दिवस बघायचा. मग उठायचा तो दुसराच माणूस होऊन. पुढचा दीड महिना तो त्या विरोधकासारखा लढायचा, म्हणजे चॅम्पियनला त्या माणसाची आधीच सवय होईल आणि खऱ्या लढतीत काही नवं उरणार नाही. एकदा विरोधक डावखुरा होता, तर यानं घरात चहासुद्धा डाव्या हातानं ओतला आणि माझे दोन कप फोडले. एकाला उजवा ठोसा मारायच्या आधी नाक ओढायची खोड होती. मला वाटलं याला सर्दी झाली, मी चार दिवस त्याला वाफ देत बसले. पाचव्या दिवशी तो हसत म्हणाला, "अगं ताई, हे नाक माझं नाहीये." मी तांब्या त्याच्या अंगावर फेकायचा तेवढा बाकी ठेवला होता.

चॅम्पियन जिंकायचा. फोटोत तो असायचा, मास्तर असायचे, मालिशवाला असायचा. माझा भाऊ फोटोत नसायचा, कारण लढतीच्या दिवशी त्याचं काही काम नसे. तो घरी येऊन दोन दिवस झोपायचा आणि उठला की थोडा वेळ कोणासारखाच नसायचा. मला तो तेव्हा फार आवडायचा आणि थोडी भीतीही वाटायची. रिकाम्या खोलीत कोणी बसलंय असं वाटायचं.

त्या कामाचा एक नियम होता. सरावात चॅम्पियनला ठोसा वर्मी बसला, त्याचे गुडघे लचकले, की एक पाऊल मागे जायचं, दोन्ही हात खाली करायचे आणि विचारायचं, "ठीक?" त्यानं मान हलवली की पुन्हा सुरू करायचं. का, तर चॅम्पियनच्या जिवावर मास्तरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या चुली चालत होत्या. पहिल्या वर्षी भावानं हा नियम मोडला. चॅम्पियन डगमगला आणि यानं अजून दोन ठोसे लगावले. चॅम्पियनचं डोकं तीन दिवस दुखलं आणि माझा भाऊ दोन महिने घरी बसला. परत घेतलं तेव्हा मास्तरांनी त्याच्याकडून आठवडाभर तेवढंच करून घेतलं. चॅम्पियन गुडघे लचकवायचा, हा मागे, हात खाली, "ठीक?" दिवसाला शंभर वेळा. पुढे ते त्याच्या अंगात असं भिनलं की माझा पाय जिन्यावर सटकला तरी हा आधी मागे व्हायचा आणि मग धावायचा.

मी एकदा मास्तरांना विचारलं, "आणि माझ्या भावाचे गुडघे लचकले तर?"

ते म्हणाले, "त्याला सवय आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी काय केलं? घरी येऊन भावाशी भांडले. मास्तरांना काही बोलले नाही, कारण दोघांच्या पगारात कसंबसं भागत होतं आणि तोंड उघडलं तर एकावर यायची पाळी होती.

बत्तिसाव्या वर्षानंतर तो शब्द हरवायला लागला. नळाला "ते पाण्याचं" म्हणायचा. शर्टाची बटणं एक घर सोडून लावायचा. एकदा मी कामावरून आले तर तो जिन्याखाली उभा. मी विचारलं, "इथं काय करतोयस?" तो म्हणाला, "तुझी वाट बघतोय." मला बरं वाटलं. मग सायकलवाला म्हणाला, "ताई, तो दुपारपासून उभा आहे. वर जायचं की बाहेर, हे त्याला आठवत नव्हतं." मी त्याला वर नेलं आणि खूप बोलले. सोड म्हटलं, आजच्या आज सोड. धुलाईखान्यात गाड्या ढकलायला माणूस हवाय, मी बोलते.

तो माझं सगळं ऐकून घेत होता. मग त्यानं कपाटातून ते निळं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे उघडून धरलं. जिंकल्या, या रकान्यात शून्य. "ताई, मी तेहतीस जणांसारखा लढलोय. सगळे माझ्यासारखे नेहमी हरणारे नव्हते गं, त्यांतले कितीतरी जण चांगले होते. मला एक जिंकायची आहे. एकच. मग गाड्या ढकलतो, चादरी उचलतो, तू म्हणशील ते करतो."

"आणि तुला लढत देणार कोण?" मी म्हणाले. फार दुष्टपणे म्हणाले. परवाना पस्तीस वर्षं पूर्ण होईपर्यंतच चालायचा आणि त्याला चौतिसावं लागलं होतं. त्यानं पुस्तक मिटलं. त्यानंतर तो त्याबद्दल बोलला नाही, पण रोज सकाळी धावायला जात राहिला आणि परत येताना घर सापडावं म्हणून एकाच रस्त्यानं जात राहिला.

त्याला पस्तीस व्हायला सात आठवडे उरले असताना ती लढत आली. किताबाची नव्हती, मधलीच होती, आठ फेऱ्यांची. चॅम्पियनच्या विरोधकाची सरावात बरगडी मोडली. लढतीला नऊ दिवस बाकी, सगळी तिकिटं संपलेली. एवढ्या कमी वेळात त्याच वजनाचा, तयारीतला, परवाना असलेला माणूस कुठून आणायचा? आयोजकानं गोदामात येऊन इकडं तिकडं बघितलं आणि त्याला माझा भाऊ दिसला. अकरा वर्षं तिथंच होता तो.

तो घरी धावत आला. दोन दोन पायऱ्या चढत. "ताई, चॅम्पियनबरोबर! माझं नाव लावणार बाहेर!" मी त्याला असं हसताना सोड्याच्या कारखान्यानंतर पाहिलं नव्हतं. आणि मी, जिनं वर्षभर 'सोड, सोड' म्हणून त्याचं डोकं खाल्लं होतं, ती मी म्हणाले, "चॅम्पियनला तुझ्याइतकं कोण ओळखतं? तू जिंकू शकतोस." मला ते खरंच वाटत होतं. मला ती एक जिंकलेली लढत त्याच्याइतकीच हवी होती. आपल्या माणसाला आयुष्यभर मार खाताना बघितलं की असा लोभ सुटतो.

पण लढतीआधी बॉक्सिंग मंडळाच्या डॉक्टरांची तपासणी असे. घरच्या माणसाची सही लागायची, म्हणून मीही गेले. लांबट खोली, मध्ये अर्धा पडदा, बाकावर तीन बॉक्सर. डॉक्टर एकेकाला उभं करून नाकाला बोट लावायला सांगत होते, पांढऱ्या रेघेवरून चालवत होते, डोळे मिटून एका पायावर उभं करत होते. शेवटी शंभरातून सात सात वजा करत जायचं. ते ऐकलं आणि मला आठवलं. भावाला दोन दिवसांपूर्वी दुकानातून सुटे पैसे मोजून घेता आले नव्हते.

त्याच्या आधीचा मुलगा वीसएक वर्षांचा होता, ताठ, धडधाकट. माझा भाऊ बाकाच्या टोकाला सरकला आणि पडद्याच्या कडेनं त्याच्याकडे बघत बसला. ती नजर मला ओळखीची होती. त्याचा नंबर आला तेव्हा रेघेवरून चालत गेला तो माझा भाऊ नव्हता, तो वीस वर्षांचा मुलगा होता. तसाच ताठ, तशीच टाच. एका पायावर तसाच उभा राहिला. मग त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. बहात्तरला तो मुलगा अडखळला होता आणि त्यानं कान खाजवला होता. माझा भाऊही अडखळला आणि त्यानंही कान खाजवला. मग पासष्ट.

"छान," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे फॉर्म सरकवला. "घरी काही जाणवतं का? विसरणं, हात थरथरणं, डोकं दुखणं?"

मी भावाकडे बघितलं. तो कोणासारखाच दिसत नव्हता आता. नुसता माझ्याकडे बघत होता.

"काही नाही," मी म्हणाले. "खातो, झोपतो, माझ्याशी भांडतो."

डॉक्टर हसले. मी सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही माझा.

लढतीच्या संध्याकाळी कोपऱ्यात उभं राहायला त्याला माणसंच नव्हती. मास्तर चॅम्पियनच्या कोपऱ्यात, मालिशवाला चॅम्पियनच्या कोपऱ्यात. ती त्यांची जागाच होती, त्यात त्यांचं चुकलं असं नाही. शेवटी आमच्या गल्लीतले कंपाउंडर काका आले. एके काळी ते बॉक्सरांच्या जखमांचं रक्त थांबवायचे, आता सत्तरी गाठलेली. आणि बादली धरायला मी. आत जाताना मास्तर बोळात भेटले. त्यांनी भावाच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांभाळून रे." त्यांचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगणार नाही. मग ते पलीकडे गेले.

पहिल्या दोन फेऱ्या बघवत नव्हत्या. तो त्या बरगडी मोडलेल्या विरोधकासारखा लढत होता. महिनाभर तोच होऊन राहिला होता ना! तीच वाकलेली पाठ, तोच लांबून येणारा डावा. आणि त्या माणसाविरुद्ध काय करायचं हे चॅम्पियन महिनाभर याच्याकडूनच शिकला होता. प्रत्येक ठोशाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. भाऊ स्टुलावर येऊन बसला तेव्हा डावी भुवई फाटली होती. काका कापूस दाबत होते. मी बादली खाली आदळली.

"अरे, तो माणूस बरगडी बांधून घरी झोपलाय! तू त्याच्यासारखा कशाला लढतोस?"

तो धापा टाकत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मग कोणासारखा लढू, ताई?"

स्वतःसारखा लढ, असं कुठलीही बहीण म्हणाली असती. ते माझ्या ओठांवरही आलं. पण मी त्याला ओळखत होते आणि मिनिटभराच्या त्या विश्रांतीतले वीस सेकंदच उरले होते. मी त्याच्या कानाशी वाकले. "त्याच्यासारखा. चॅम्पियनसारखा. अकरा वर्षं समोर बघितलंयस ना त्याला? तोच हो."

त्याचा चेहरा असा उघडला की मला अजून दिसतो. हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या फेरीत तो उठला तो चॅम्पियन होऊन. हनुवटी खांद्याआड, उजवा हात गालाला चिकटलेला, तेच छोटंसं अर्धं पाऊल डावीकडे. आधी लोक हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मग हसणं थांबलं. चॅम्पियननं जगातल्या सगळ्यांविरुद्ध सराव केला होता, फक्त स्वतःविरुद्ध केला नव्हता. तो जिथं सरकणार तिथं हा आधीच पोचलेला असायचा. चौथी फेरी उघड उघड आमची होती. काका माझा दंड दाबून म्हणत होते, "पोरी, हा जिंकतोय. खरंच जिंकतोय गं." तो अस्सल होता की नक्कल, मला काही देणंघेणं नव्हतं.

पाचव्या फेरीत, रिंगच्या मधोमध, त्याचा उजवा ठोसा चॅम्पियनच्या जबड्यावर बसला. आवाज आमच्या कोपऱ्यापर्यंत आला. चॅम्पियनचे हात सुटले, नजर फिरली, दोन्ही गुडघे लचकले. पडला नाही, नुसता उभा राहिला. अजून एक. कसाही, कुठंही, अजून एक ठोसा पुरे होता. सगळं सभागृह उभं राहिलं होतं.

माझ्या भावानं एक पाऊल मागे घेतलं. दोन्ही हात खाली केले.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. "ठीक?"

पलीकडच्या कोपऱ्यात मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आणि चॅम्पियननं मान हलवली. डोळ्यांपुढे अंधार असलेल्या त्या माणसानं, अकरा वर्षांच्या सवयीनं, मान हलवली. दोघंही त्या क्षणी गोदामात होते. मग चॅम्पियनला आधी जाग आली. हात खाली असलेल्या माझ्या भावाला त्यानं तीन ठोसे मारले. तिसरा लागला तेव्हा तो आधीच पडत होता आणि त्याचं डोकं मागच्या बाजूनं रिंगच्या फळीवर आदळलं.

त्याला मी जिथं काम करते त्याच हॉस्पिटलात आणलं. कवटी उघडून रक्त काढलं. सव्वीस दिवस तो डोळे मिटून होता, आणि त्याच्या अंगाखालच्या चादरी मी घडी घातलेल्या होत्या. मंडळाचं चौकशीचं पत्र आलं, सोबत माझ्या सहीचा फॉर्म. घरच्यांनी सांगितलेली लक्षणं: काही नाही. मी मंडळाच्या डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं की मी खोटं बोलले. ते म्हणाले, "मला कळायला हवं होतं." मला ते नको होतं. कोणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती. कोणी मारली नाही.

चॅम्पियन एकदा येऊन गेला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "ताई, त्यानं विचारलं म्हणून माझी मान हलली. आणि मग..." पुढचं त्याला बोलता आलं नाही. मी त्याला बसही म्हटलं नाही. त्याचा दोष किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा किती, ते मला माहीत आहे.

आता तो घरी असतो. उजवी बाजू कमी चालते, शब्द थोडे आहेत. शुद्धीवर आल्यावर आठवडाभरानं त्यानं विचारलं होतं, "जिंकलो?" कंपाउंडर काका माझ्यामागे उभे होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं, हो म्हण. काय बिघडणार होतं? पण एकदा खोटं बोलून बसले होते मी, दुसऱ्यांदा जीभ उचलेना. मी म्हणाले, "नाही रे. हरलास." त्यानं ते ऐकलं. छताकडे बघत राहिला. मग डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत गेलं आणि ते पुसायला त्याचा हात उचलला गेला नाही. त्यानंतर त्यानं लढतीचं कधी विचारलं नाही.

व्यायाम शिकवणारी बाई येते. ती म्हणाली, सांगून त्याला काही करता येत नाही, पण करून दाखवलं तर करतो. तिनं हात उचलला की तो उचलतो. ती थांबली की तो थांबतो. तिला मोठं नवल वाटलं.

जेवणाच्या वेळी मी त्याच्यासमोर बसते. दोघांपुढे एकेक वाटी, एकेक चमचा. मी चमचा भरते, तो भरतो. मी तोंडाशी नेते, तो नेतो. मी चावते, मग तो चावतो, नाहीतर घास तसाच तोंडात राहतो. मला भूक असो नसो, त्याच्या पोटात जावं म्हणून मला सगळं संपवावं लागतं. कधी कधी त्याच्याकडे बघता बघता चमचा टाकून द्यावासा वाटतो. पण मी चमचा खाली ठेवला की तोही ठेवतो आणि पुन्हा उचलत नाही, म्हणून वाटी रिकामी होईपर्यंत मला रडता येत नाही.